ह्यांच्या धोतराचे लंगोट

ग्रुपवरच्या बायांनो, मी भाईंदर वेस्टची आजी, शाळा दुसरीपर्यंत. मी सांगतेय आणि बाळ झोपलंय तेवढ्यात लेक टाइप करतेय.

हे गेल्यापासून वर्षभर घरकामाला माझा हातच उठत नव्हता. केर तसाच, भांडी तशीच. एकटीसाठी कशाला करायचं? ह्यांचं कपाट तर उघडलंच नव्हतं. लेक बाळंत होऊन घरी आली, तरी मी कशीबशीच हलत होते.

आज दुपारी विकतच्या लंगोटांनी बाळाला पुरळ आलं. समोरच्या कोकिळाबेन बघून म्हणाल्या, "काकी, नया कपडा चुभता है. पुरानी धोती नहीं है क्या?"

लेक लगेच म्हणाली, "आई, बाबांच्या धोतरांना हात लावू नकोस हं!"

"अगं, नातवासाठी त्यांनी अंगावरचा सदरासुद्धा दिला असता," म्हटलं आणि कपाट उघडलं. काय सांगू, इथल्या चिखलातही धोतर पांढरंशुभ्र ठेवणारा माणूस! नीळसुद्धा स्वतः घालायचे.

पहिलं धोतर फाडताना डोळे भरले. दुसऱ्याला हात सरसर चालले. लंगोट धुतले, मग भांडी घासली, लादीही पुसली. कोकिळाबेनचं भलं होवो!

आता गॅलरीतल्या दोरीवर पुन्हा ह्यांचं धोतर वाळतंय, नुसते तुकडे लहान झालेत. उद्या ते परत धुवायचेत, आणि खरं सांगते, मला सकाळची घाई झालीय.

तुमचे हात कुणासाठी हलतात गं?