सुई उचलायची नाही

मुबारकभाई गेल्याचं पत्र इस्लामपूरहून आलं, तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी तशीच राहिली. पत्र त्यांच्या मुलीचं, रेहानाचं. चार ओळी, आणि शेवटी, ‘अब्बांची ती तबकडी जपून ठेवली आहे.’ त्या तबकडीवरून मी या भल्या माणसाशी कडाकडा भांडलो होतो...

चाळीसच्या दशकातली गोष्ट. लढाई चालू होती. मुबारकभाई फोटोग्राफर. फोटो काचेवर उतरवायचे, बारीक ब्रशाने रंगवायचे आणि मॅजिक लँटर्नमधून भिंतीवर मोठे करून दाखवायचे. मी कडेगावकडच्या एका गावात शाळामास्तर. गावातले पुष्कळ जण पलटणीत होते. त्यांच्या फोटोंच्या काचा करायच्या आणि शाळेच्या खिडक्यांना घोंगडी लावून भरदुपारी घरच्यांना दाखवायच्या, असं ठरलं. सोबत चावीच्या फोनोवर तबकडी लावून गाणं. कोणतं, ते हौसाबाईंनी सांगितलं. त्यांचा शिरपा समुद्रापलीकडे कामी आला होता. रजेवर आला की तो तेच एक गाणं गुणगुणायचा.

तबकडी मिळाली. तिच्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं मीच वाचून दाखवली : परवानगीशिवाय चारचौघांत वाजवू नये. वाचलं आणि जीभ चावली.

“आवं मास्तर, मग इचाराय नको व्हय?” मुबारकभाई म्हणाले.

“इथं आडगावात कोण बघायला येतंय?”

“हौसाबाई येणार हायत न्हवं? त्यास्नी चोरीचं गाणं ऐकवू?”

मी चिडलो, लष्कराच्या भाकरी म्हणालो. त्यांनी शांतपणे तबकडीच्या कंपनीला पत्र माझ्याच हातून लिहून घेतलं! उत्तर आलं, गाणाऱ्या बाईंची लेखी संमती आणा, मग आमची हरकत नाही. तोवर खेळ तीन दिवसांवर आला होता. बाई सांगलीच्या. आम्ही सर्व्हिस मोटारीने धुरळा खात गेलो. बाईंनी गाणं कधीच सोडलं होतं. त्या सरळ नाही म्हणाल्या. “तंबूत सिनेमा दाखवणारे गर्दी जमवायला माझं गाणं लावतात, आणि गर्दी जमली की मधेच सुई उचलतात. कुणी तोंडावर हात ठेवावा तसं वाटतं हो.” मुबारकभाईंनी पिशवीतून शिरपाची काच काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. बाई बघत राहिल्या... मग कागद मागवला. अट एकच, गाणं संपेपर्यंत सुई उचलायची नाही.

“जबान दिली,” मुबारकभाई म्हणाले.

खेळाच्या दिवशी ते फोनोपाशी, मी लँटर्नपाशी. घाबरून मी काचा भराभर सरकवल्या. शेवटची शिरपाची काच लागली, तेव्हा गाणं निम्मंच झालं होतं. दिव्याच्या आचेने काच तापायला लागली. दुसरी प्रत नव्हती, आणि काच काढावी तर गाणं चालू असताना भिंत कोरी पडणार.

“सुई उचला! काच तडकेल!” मी ओरडलो.

त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. तेवढ्यात हौसाबाई उठून भिंतीपाशी गेल्या. त्यांनी लेकाच्या गालावर हात ठेवला, तर गाल त्यांच्या हातावर उमटला.

“ऱ्हाऊ द्या वो मास्तर. गानं हाय तवर ऱ्हाऊ द्या.”

काच शेवटी कोपऱ्यात तडकलीच. पण गाणं पुरं झालं. मला स्वतःची फार लाज वाटली, आणि मुबारकभाई त्यावर जन्मात कधी एक शब्द बोलले नाहीत. पुढे त्यांच्या घरी जेवणाची पानं वाढलेली असली, तरी गाणं संपल्याशिवाय ते उठत नसत. सुई स्वतःच उचलत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

परवा इस्लामपूरला जाऊन आलो. त्यांच्या खोलीत खिडकीशी ती तडकलेली काच अजून आहे. रेहानाने चावी भरून तबकडी लावली. बाईंचा आवाज आता घासून गेलाय. गाणं संपलं, सुई खरखरत फिरत राहिली. उचलायची कुणी, ते आम्हा दोघांनाही कळेना.

“मास्तरकाका, उचलू?” तिने विचारलं.

“राहू दे गं,” मी म्हणालो. “चावी उतरेपर्यंत राहू दे.”