फिलूच्या झाडाचे मजले

फिलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. सकाळचे नऊ वाजले असतील. तिची मुलगी रीटा कल्याणहून बोलत होती. "मावशी, आई गेली... छातीत कफ भरला होता." मी "अरे देवा" म्हटलं, फोन ठेवला आणि परत मेथी घेऊन बसले. तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली ते आधी सांगते, नाहीतर पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. मनात आलं, चला, आता कुणाला कळणार नाही. रडू त्याच्यानंतर आलं.

फिलोमिना आणि मी कोलशेतला चाळीस वर्षं समोरासमोर राहिलो. माझ्या नवऱ्याला खाडीकडच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही तिच्या दारासमोरची खोली भाड्याने घेतली. ती तिथलीच, ख्रिस्ती, बापजाद्यांची भातशेती असलेली. मी जुन्नरकडची, चौथी शिकलेली. ओले बोंबील कसे धरायचे तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. ते तिने शिकवलं. लग्नसराईत तिला फुग्यांच्या ऑर्डरी असायच्या. फुगे म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, मुठीतून पिळून कढईत सोडायचे. तिच्या मुठीतून एकसारखे पडत. मी मात्र पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, आतून कच्चे आहेत. ती पोट धरून हसली होती. "गोदे, तुझं तोंड म्हणजे कारल्याचा वेल गो. पण मनात एक नि तोंडात दुसरं, असं तुझं नाय." मी सगळ्यांशी अशीच बोलायचे. कडू बोलणाऱ्या माणसाला लोक खरं बोलणारा समजतात. मीही स्वतःला तसंच समजत आले.

तिच्या दारात एका कुंडीत ख्रिसमस ट्री होतं. सरळ खोड आणि ठरावीक अंतरावर चारी बाजूंनी आडव्या फांद्या, छत्रीवर छत्री ठेवल्यासारख्या. तिच्या नवऱ्याने, आंतोनने, त्याच्या शेवटच्या नाताळात ते वीतभर रोप आणलं होतं. फिलूने ते जसं वाढवलं तसं मी कुणाला झाड वाढवताना पाहिलेलं नाही. दर रविवारी चर्चमधून आली की कुंडी थोडी फिरवायची, म्हणजे झाड उजेडाकडे एकाच बाजूला कलत नाही. बोट मातीत खुपसून बघायची, कोरडं लागलं तरच पाणी. रस्त्यावरच्या ट्रकची धूळ बसली की ओल्या फडक्याने एकेक फांदी पुसायची. नाताळात लोक झाडाला काय काय टांगतात. ही फक्त कापूस पसरायची. म्हणायची, वजनाने फांदी वाकली की वाकलीच. मी म्हणायचे, "रीटाची वेणीफणी तरी इतकी केलीस का गं?" पुसून झालं की ती खालपासून वरपर्यंत फांद्यांच्या एकेका थराला हात लावायची आणि ओठ हलवायची. मला वाटे, प्रार्थना करते. कधी विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने रीटाकडे राहायचं ठरलं. निघताना ती रिक्षात बसून मला सांगत होती, "रोज पाणी घालू नको हां. आणि कुंडीखाली बशी नको, पाणी निघून गेलं पायजे." मी म्हटलं, "जा तू. माझ्या हाताने वाळकी काठीसुद्धा फुटते." ही माझी बढाई जुनीच. झाड मी माझ्या दारात आणून ठेवलं. दारात नुकतीच नवी फरशी घातली होती, तिच्यावर मातीचे ओघळ नकोत म्हणून कुंडीखाली बशी ठेवली. आणि तुळशीला घालते तसा रोज एक तांब्या घातला. महिन्याभरात खालच्या फांद्या पिवळ्या पडल्या. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. दोन तांबे घातले. मग तपकिरी झाल्या, लोंबल्या, आणि एक दिवस कुंडी हलवली तर मुळाशी कुजका वास आला.

कल्याणला फोन करून सांगायचं होतं. "फिलू, झाड मेलं गं, माझ्या हातून मेलं," एवढंच वाक्य. ते न सांगता मी टिटवाळ्याला एका नर्सरीत गेले. तिथला माळी म्हणाला, "आजी, याच्या खालच्या फांद्या एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. नवंच घ्या." त्याच उंचीचं झाड घेतलं, फिलूच्या जुन्या कुंडीत लावलं. मेलेलं तोडून गोणीत भरलं आणि कचऱ्याच्या गाडीत टाकलं.

फिलू काठी टेकत परत आली ती आधी झाडाशी गेली. खालपासून हात लावत वर गेली, पुन्हा खाली आली. मग माझ्याकडे वळली. "गोदे, हे माझं नाय."

"मग काय माझं? तुझंच आहे."

"नऊच मजले हायत गो. आंतोन गेल्यापासून वर्षाला एक. माझे अकरा होते."

ती प्रार्थना नव्हती तर. ती नवऱ्याशिवाय काढलेली वर्षं मोजत होती. त्या क्षणी बोलायला हवं होतं. रीटा होती, शेजारच्या बायका होत्या, सगळ्या बघत होत्या... आणि मी म्हटलं, "भुलीचं औषध अजून उतरलेलं दिसत नाही हिचं!" सगळ्या हसल्या. फिलू हसली नाही.

माझी गोष्ट तिथे संपली, तिची सुरू झाली. ती महिनाभर ज्याला त्याला सांगत राहिली, झाड बदललंय. रीटा घाबरली. तिने कुठेतरी ऐकलं होतं की म्हाताऱ्या माणसाला भूल दिली की कधीकधी डोक्यावर परिणाम होतो. त्यानंतर फिलूचा चष्मा सापडला नाही, तरी ते डोक्यामुळे. दूध उतू गेलं, तरी डोक्यामुळे. दूध माझं आठवड्यातून दोनदा उतू जातं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी ती दिवसभर पेंगायला लागली. फुग्यांची कढई रीटाने माळ्यावर टाकली. उकळत्या तेलाजवळ तिला कसं बसू द्यायचं? चर्चला एकटीने जाणं बंद झालं. एक दिवस रीटा माझ्या घरी आली. म्हणाली, "मावशी, खरं सांगा, झाड तेच आहे ना? तुम्ही सांगाल ते मी डॉक्टरांना सांगते." तिचे डोळे रडून सुजले होते. नाही म्हणा, असंच ती विनवत होती, आता मला कळतं. मी म्हटलं, "तेच आहे."

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी फिलू माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली. म्हणाली, "तू म्हणतेस तर तेच असल गो. माझंच मोजायचं चुकत असल." मी तिला चहा दिला. साखर जास्त घातली. एवढंच केलं.

पुढच्या वर्षी रीटा तिला कल्याणला कायमची घेऊन गेली, झाडासकट. मी दोनदाच भेटायला गेले. गुडघे दुखतात असं सांगायचे. दुखतात, पण इतके नाही.

ती गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती, तिला गेले, तेव्हा रीटाने मला फिलूची खोली दाखवली. सगळीकडे तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. कपाटावर, "चावी उशीखाली." आरशावर, "सकाळची गोळी घेतली की रेघ मारणे." आपलं डोकं गेलंय असं मानून ती बाई रोजचा दिवस असा बांधून ठेवत होती. झाड खिडकीपाशी होतं. फांद्या स्वच्छ पुसलेल्या. कुंडीवरही चिठ्ठी होती: "हे माझंच झाड. गोदा खोटं बोलत नाही."

मी तिथेच पलंगावर बसून रीटाला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "म्हणजे आई बरोबर होती... आणि मी तिला गोळ्या चारत होते." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाली, "हे लिहा मावशी. कोलशेतला सगळ्यांसमोर तिला वेडी ठरवलंत, आता सगळ्यांसमोर सांगा."

म्हणून लिहिलं. फिलूचं डोकं ठिकाणावर होतं. झाडाला अकरा मजले होते, तिने बरोबर मोजले होते. तिला हसणाऱ्यांनी, आम्ही सगळ्यांनी, हे वाचावं.

त्या दिवशी पलंगावरून उठताना मी ती चिठ्ठी नखाने काढायला गेले. रीटाने माझा हात धरला. "राहू दे. तुम्ही याल तेव्हा तुम्हाला दिसली पाहिजे."

आता दर रविवारी कल्याणला जाते, कुंडी थोडी फिरवते. चिठ्ठी कधी भिंतीकडे जाते, कधी माझ्याकडे येते.