शहराची सोयरीक

मुलाला मुलगी आणि मुलीला मुलगा शोधून देणारी माणसं गावोगावी सापडतील, पण माणसाला शहर शोधून देणारा माणूस उभ्या भारतात एकच आहे आणि तो माझ्या बाबांचा मावसभाऊ आहे. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. लग्नाचा बस्ता बांधायला येणाऱ्यांशी बोलता बोलता त्यांना सोयरिकी जुळवायचा नाद लागला, आणि एक काळ असा होता की सौंसर-पांढुर्ण्याच्या टापूत काकाजींच्या शब्दाशिवाय साक्षगंधाची तारीख निघत नसे. पुढे मुलंमुली आपापली लग्नं आपणच जमवू लागली. दुसरा कोणी असता तर गल्ल्यावर बसून जमान्याला शिव्या घालत राहिला असता. काकाजींनी नाद तोच ठेवला, फक्त स्थळं बदलली. "पोट्टी आपला नवरा आपणच पाहून घेते, घेऊ दे," ते म्हणाले. "पण राहाचं शहर कोण पाहून देईन? नोकरी सुटते, दुसरी लागते. शहर नाही सुटत बाप्पा!"

तेव्हापासून ओळखीतल्या कोणाच्याही मुलाला नोकरी लागली की काकाजी ते शहर पाहायला जातात, आणि अगदी मुलगी पाहायला जावं तसे जातात. कोट, टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. ज्याच्याकडे उतरतील तिथे आधी पाणी मागायचं, तोंडात घोळवायचं आणि मग गिळायचं. चहाला पहिल्यांदा नाही म्हणायचं आणि दुसऱ्यांदा कोणी आग्रह करतं का, ते पाहायचं. भोपाळमध्ये एका घरमालकाने त्यांच्या पहिल्याच नकाराला "ठीक है" म्हटलं, आणि तेवढ्यावर राजधानी कायमची बाद झाली. "आपलं पोट्टं बिमार पडलं तं हे लोक पेज देईन का?" असा त्यांचा सवाल होता. पण त्यांची खरी परीक्षा होते ती पिठाच्या चक्कीवर. सोयरिकीच्या दिवसांत ते मुलीची चौकशी कधी तिच्या घरी करत नसत, कारण घरचे गोडच बोलणार. चौकशी चक्कीवर करायची. तिथे अख्खा मोहल्ला येतो आणि नंबर लागेपर्यंत माणूस खरं बोलतो. इंदूरला ते अशा एका चक्कीवर दिवसभर बसले. परत आले तेव्हा टोपीपासून चपलेपर्यंत पांढरेशुभ्र होते, आणि काकूंनी त्यांना घरात घेण्याआधी अंगणात उभं करून सतरंजीसारखं झटकलं.

पुण्याशी त्यांचं जरा तिरपंच आहे. तिथे एका बाईंना त्यांनी आपल्या मराठीत खोलीचं भाडं विचारलं, तर बाईंनी मोठ्या सौजन्याने हिंदीत उत्तर दिलं. काकाजी पुन्हा मराठीत बोलले, बाई पुन्हा हिंदीत. हा घाव त्यांनी अजून विसरलेला नाही. "भोपाळात आपण मराठी अन् पुण्यात आपण हिंदी," ते म्हणतात, "आपल्याले आपल्या भाषेत बोलाले फक्त आपलंच गाव हाय." तरीही त्यांनी जुळवलेली निम्मी मुलं पुण्यातच आहेत, कारण त्यांचा एक नियम या सगळ्या परीक्षांच्या वर आहे. जिथे आपला माणूस नाही, ते शहर सोन्याचं असलं तरी तिथे सोयरीक करायची नाही. पुण्यात कोणे एके काळी आमच्या टापूतल्या बोरगावचा एक मुलगा गेला होता. मग त्याच्या आधाराने दुसरा, दुसऱ्याच्या आधाराने तिसरा, असं करत करत आता तिथे एक अख्खी गल्ली झाली आहे. संध्याकाळी तिथल्या बाल्कनीत कोणी उभं राहिलं की खालून "काऊन बे, काय करून राहिला?" हमखास ऐकू येतं. या गल्लीचा काकाजींना जेवढा अभिमान आहे तेवढा दुकानाचाही नाही.

आणि नेमका हाच नियम माझ्या वाटेत आडवा आला. मला नोकरी लागली बंगळुरूला. लहान मुलांसाठी श्रवणयंत्रं बनवायचं काम, ज्यासाठी मी इतकी वर्षं शिकले होते. पुण्यातही एक नोकरी हाताशी होती, पण ती म्हणजे कुठल्याशा बँकेचं संगणकाचं काम, माझा जीव रमणार नाही असं. आई म्हणाली, "पुण्यात आपली गल्ली हाय. बंगलोरात तं आपलं कुत्रंही नाही." बाबांनी नेहमीप्रमाणे जबाबदारी काकाजींवर ढकलली आणि म्हणाले, "दादा म्हणतीन तसं." मला असा संताप आला की विचारू नका. एवढं शिकून सवरून माझं नशीब आता चक्कीवर दळलं जाणार होतं! मी सरळ काकाजींना फोन लावला आणि सांगितलं की बंगळुरूचं मी ठरवलेलं आहे, मी तुम्हाला विचारणार नाही. "नको इचारू," काकाजी शांतपणे म्हणाले. "तू कायले इचारतं? तुहा बाप इचारते ना. मी जाऊनच येतो." आणि सौंसरहून नागपूरची बस धरून खरोखरच गेले.

परत आले ते थेट आमच्याकडे पांढुर्ण्याला. टोपीवर पीठ होतंच. आम्ही सगळे त्यांच्यासमोर बसलो, आणि मी तर निकालाला बसावं तशी बसले. काकाजी म्हणाले, पाणी ठीक आहे. चहाच्या परीक्षेचा मात्र पार विचका झाला, कारण खोली पाहायला गेले तिथे कॉफी पुढे आली. "कॉफीले नाही म्हणाची रीत मले माहीत नाही," ते म्हणाले, "तं पिऊन घेतली." मग ते चक्कीवर गेले. चक्कीवाला कानडीत, काकाजी आपल्या हिंदीत. दोघं भरपूर बोलले आणि दोघांनाही काही कळलं नाही. आता हे शहर नक्की बाद, असं मला वाटलं. तेवढ्यात काकाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि त्यांचा आवाज बदलला.

"दिवस बुडाले आला होता. बाया-बाप्ये नंबर लावून उभे होते. एक पोट्टी आली, हिच्याएवढीच, हातात लहानसा डबा. एकटीच राहात असन. चक्कीवाल्यानं बाहेर अंधाराकडे पाह्यलं अन् तिचं दळण पहिले काढून देल्लं. अन् नंबरातलं कोणी येक शबद नाही बोललं बाप्पा. मले भाषा नाही समजली, पण हे समजलं."

 मग बाबांनी घसा खाकरून जे विचारायचं ते विचारलंच. "थे सारं ठीक हाय दादा, पण तिथं आपलं कोण हाय?"

"कोणी नाही," काकाजी म्हणाले. "पुण्यात तरी पहिले कोण होतं? आता ही जाईन. उद्या दुसऱ्या कोणाच्या पोट्टीचा बाप मले इचारन, बंगलोरात आपलं कोण हाय, तं मी हिचं नाव सांगीन."

आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी काकाजींच्या पाया पडले. माझ्या रागाचं नंतर काय झालं, मला सांगता येत नाही. मला एवढंच आठवतं की जायची परवानगी मिळाल्यावर पहिल्यांदाच मला जायची भीती वाटली.

आता मला बंगळुरूत दोन वर्षं होत आली. काकाजींचे गुडघे गेले आहेत, शहरं पाहणं थांबलं आहे. काकू फोनवर मला म्हणाल्या, "गावची सारी पोट्टी यायनंच दूर धाडली, अन् आता नागपूरची बस आली का दुकानातून वाकून पाहत राह्यते, कोणी उतरते काय." ऐकून गलबलून आलं. इतक्या घरांतून मुलं बाहेर पाठवणाऱ्या या माणसाला त्यांची आठवण येत असेल, हे आमच्यापैकी कोणाच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

परवा काकाजींचाच फोन आला. तिगावची एक मुलगी बंगळुरूला येते आहे, तिचे वडील घाबरलेले आहेत, "तं तुहं नाव सांगू ना?" मी म्हटलं, सांगा, मी स्टेशनवर घ्यायला जाईन. निरोप झाला की खाडकन फोन ठेवून द्यायची त्यांची सवय. यावेळी त्यांनी ठेवला नाही. उधारीवर कापड मागावं इतक्या संकोचाने त्यांनी विचारलं, "अन् बाई, तू कधी येऊन राहिली?"

हे त्यांनी आजवर कोणालाच विचारलं नव्हतं. माझी रजा मंजूर व्हायची होती, तिकीट काढायचं होतं, तरी मी म्हटलं, "याच महिन्यात येते काकाजी." पलीकडे फोन तसाच चालू राहिला, आणि दुकानाच्या मागच्या घरात काकूंना हाक मारून ते सांगत असल्याचं मला ऐकू आलं, "ऐकलं काय वं? पोट्टी येऊन राहिली."