डॉक्टरीणबाईंचा राग

आमच्या डॉक्टरीणबाई नव्या डॉक्टराला पहिल्याच दिवशी तपासणीच्या टेबलावर आडवं करत. पँट अंगावर असे, पण दोन्ही पाय वर टांगलेले आणि दार सताड उघडं. "लाज वाटून राहिली? मंग बाईमानसाले काय वाटत असन?" एवढं विचारून त्या खुशाल चहाला निघून जात. मीही तसाच पडून मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या होत्या.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला साकोलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी हाऊसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर होतो. पुढे गावात दवाखाना टाकायचा, ताप-खोकला बघायचा, एवढीच आमची झेप. कुणाच्या अंगावरून जातं म्हटलं की सासूला दोन प्रश्न विचारायचे आणि ताकदीची बाटली लिहून द्यायची, अशी सगळीकडची रीत. बाई त्यावर भडकत. "सासूले काय इचारतेस? दुखून तिचं राहिलं." त्या आम्हाला आतून तपासायला शिकवत, संशय आला तर गर्भाशयाच्या तोंडाचा कणभर तुकडा चिमट्याने काढून नागपूरला पाठवायलाही. अवजार कोमट न करता उचललं की हातावर फटका बसे.

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांना हे खपेना. "हे स्पेशालिस्टचं काम आहे," म्हणत त्यांनी चिमटे कपाटात टाकून कुलूप लावलं.

"हे पोरं खेड्यात बसनार, म्हनूनच शिकवून राहिली," बाई म्हणाल्या. "स्पेशालिस्ट सानगडीले येऊन बसनार हाय का?"

साहेब उठून गेले.

त्याच आठवड्यात लाखांदूरहून एक शेतकरीण आली. पाळी जाऊन वर्षं लोटली होती आणि आता पुन्हा रक्त जात होतं. धानाची रोवणी तोंडावर आलेली. तपासायला नागपूरला जा म्हटलं तर ती सरळ घरी परतणार, हे दिसत होतं. साहेब चावी देईनात. बाईंनी अंगणातला दगड आणून कुलूप तोडलं आणि चिमटा माझ्या हातात दिला. "तूच घे तुकडा. मी इथं राहीन, नाई राहीन." माझा हात त्यांनी वरून धरला आणि मी तुकडा काढला.

कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. रिपोर्ट बघून घरच्यांनी तिला नागपूरला नेलं, ऑपरेशन झालं. बाईंची मात्र बदली झाली. कारण काय, तर सरकारी मालमत्तेची नासधूस. एक जीव वाचला, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं.

धान निघाल्यावर ती शेतकरीण लेकीला घेऊन आली.

"म्याडम कुठी हायेत?"

"बदली झाली."

"काहून?"

मी सांगितलं. तिने दाराबाहेर उभ्या लेकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आता माह्या पोरीले कोन पाहीन?"

"मी."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माहा तुकडा तुमीच काहाडला होता ना?" म्हणाली, आणि लेकीला आत बोलावलं.