उंदीर मारायचा कुणी

आमच्या लेकीनं बोआ जातीचा साप घरात आणला तेव्हा आम्ही मिशिगनात, नोव्हायला राहत होतो. ह्यांची नोकरी मोटारींच्या कंपनीत, मी घरी, आणि कार्टी आठवीत. साप तेव्हा माझ्या लाटण्याएवढा होता. मी बजावलं, बेसमेंटच्या वर दिसला तर तुझ्यासकट बाहेर काढीन.

आता आमचं घर अंडंसुद्धा न शिवणारं. सापाला तर उंदीर लागतो, दर आठवड्याला एक. हे म्हणाले, आपण मारायचं नाही, जिवंत सोडायचा, पुढचं सापानं बघून घ्यावं. मलाही ते सोयीचं वाटलं, खोटं कशाला बोलू? उंदीर काचेच्या पेटीत टाकायचा, झाकणावर वीट ठेवायची, बेसमेंटचं दार लावायचं आणि वर येऊन टीव्ही मोठा करायचा. ही आमची अहिंसा.

दोन-तीन वर्षांत साप माझ्या मनगटाएवढा जाड झाला. उंदीर विकणारा दुकानदार म्हणाला, आता छोटे उंदीर पुरायचे नाहीत, दर दोन आठवड्यांनी एक रॅट द्या, घुशीसारखा थोराड उंदीर. पण रॅट जिवंत सोडू नका, तो चावतो. उशीच्या अभ्र्यात घालून भिंतीवर जोरात आपटा, मग द्या. आणि साप कात टाकायला आला, डोळे दुधाळ दिसले, तर काहीच देऊ नका, तेव्हा तो खात नाही. पुष्कळ लोक मारलेले उंदीर फ्रीजरमध्ये ठेवतात, असंही त्यानं सुचवलं. माझ्या फ्रीजरमध्ये? मोदकांच्या खोबऱ्याशेजारी? शी.

म्हणजे रॅटही जिवंतच जाऊ लागले. सुरुवातीला निभावलं.

मग आमच्या मंडळाचा गणपती आला, एका शाळेच्या हॉलमध्ये. मी मोदकांचे डबे बांधत होते, लेक नाचासाठी नटत होती. सापाचे डोळे दुधाळ झालेत, आज नको, असं ती ओरडून सांगत होती. पण हे पडले इंजिनिअर. दोन आठवडे झाले म्हणजे झाले, शेड्यूल म्हणजे शेड्यूल. त्यांनी रॅट टाकला, वीट ठेवली, दार लावलं आणि आम्ही आरतीला गेलो.

संध्याकाळी परत आलो तर बेसमेंटमध्ये रक्ताचा वास. सापानं रॅटला हात लावला नव्हता, म्हणजे तोंड. रॅटनं मात्र सापाला खायला घेतलं होतं. पाठीवरचं कातडं सोललेलं, मांस ओरबाडलेलं, आणि आत कण्याची पांढरी हाडं दिसत होती. साप जिवंत होता. हलतसुद्धा नव्हता, नुसता स्वतःला खाऊ देत होता. लेकीनं झाकण फेकलं आणि हात आत घातला. रॅट तिच्या बोटाला असा चावला की हात झटकला तरी सुटेना, बोटालाच लोंबकळत राहिला. ती किंचाळत होती. हे पायरीवर उभे, पुतळा झाल्यासारखे.

मी वर धावले, खलातला लोखंडी बत्ता आणला, तिचा हात जमिनीवर दाबून धरला आणि त्या रॅटला ठेचला. मेल्यावरही ठेचत राहिले. गणपतीसाठी नेसलेली साडी, तिच्यावर सगळं उडालं.

लेकीच्या बोटाला टाके पडले, सापाला तर पाठभर. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, सापाची जखम भरेल, पण खायला लागला नाही तर जगणार नाही. काही दिवस पोट रिकामं ठेवा, मग नेहमीपेक्षा लहान उंदीर, ताजा मारलेला, कोमट.

गाडीत लेक एवढंच बोलली, "यू जस्ट डिडन्ट वॉन्ट टु लुक." मग बोलणं बंद. शाळेतून यायची आणि बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन पेटीसमोर बसायची. दुकानातून मारून आणलेला उंदीर घरी येईपर्यंत गार व्हायचा, साप त्याच्याकडे ढुंकून बघायचा नाही. त्याची कातडी सैल पडत चालली. हे म्हणाले, देऊन टाकू कुणाला तरी. माझं डोकं सणकलं. स्वतःच्या तत्त्वापायी जनावर सोलून निघालं, आणि आता ते दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायचं?

मी गाडी काढली आणि जिवंत उंदीर आणला. उशीचा जुना अभ्रा घेतला, बेसमेंटच्या भिंतीशी उभी राहिले. अभ्र्यात तो धडपडत होता, त्याची ऊब हाताला लागत होती. पहिला फटका ओझरता बसला, तो चिरकला. मला रडू फुटलं. रडतच दुसरा हाणला, सगळा जोर लावून, आणि आत काहीतरी मोडलेलं मनगटापर्यंत कळलं. मग तो हलला नाही.

चिमट्यात धरून पेटीत सोडला. यावेळी मी दार लावलं नाही, वर गेले नाही. सापाची जीभ हलली. बराच वेळ काही नाही. मग त्यानं एकदम झडप घातली, उंदराला विळखा घातला आणि जबडा उघडून गिळायला लागला. पाठीवरचे टाके ताणले जात होते. शेपूट आत जाईपर्यंत मी बघत होते.

लेक कधी पायरीवर येऊन बसली होती कोण जाणे. तिनं माझ्या हातातला अभ्रा पाहिला, त्यावरचा लाल डाग पाहिला.

"कोणी मारला?" तिनं विचारलं. मराठीत.

"मी."

ती उठली, तिनं माझ्या हातातून अभ्रा काढून घेतला आणि बेसमेंटच्या सिंककडे जाऊन चांगल्या हातानं नळ सोडला.

"आई," ती म्हणाली, "ये, हात धू."