कारण सांगितलेच पाहिजे

"ऐका हो सगळे, काकांनी कंट्रोलरला अर्ज केलाय!"

असे म्हणून सरांनी माझी स्क्रीन भिंतीवर दाखवली. डेक्कनच्या त्या संगणकवर्गात माझ्या निम्म्या वयाचे सर मोठ्याने वाचू लागले, "'विनंती अशी की, अर्जदाराचा अर्ज मेहेरबान होऊन दाखल करून घ्यावा.' वा! आणि काका, खाली अंगठा कुणाचा घ्यायचा?"

वर्ग हसला.

मी कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस. शिक्षण आठवी, परंतु माझ्या मसुद्यातील शब्द वकीलही सहसा बदलत नाहीत. अर्ज आता संकेतस्थळांवर जाऊ लागले, म्हणून मुलीने मला आपल्याच वर्गात आणले. "बाबा, हेही लिहिणंच आहे," म्हणाली होती. संकेतस्थळावर आलेली मागणी हाती घेऊन तिचे काय करायचे ते ठरवणारा भाग म्हणजे कंट्रोलर. तो नीट वागतो का, हे संगणकाकडूनच तपासून घेण्यासाठी लिहायची ती टेस्ट. प्रत्येक टेस्टला एका वाक्याचे नाव द्यायचे असते. ही माझी पहिलीच. आयुष्यभर जे वाक्य हातून उतरले, तेच उतरले.

"अहो, कंट्रोलर तुमचा साहेब नाही. त्याला विनवायचं नसतं. त्यानं काय केलंच पाहिजे, ते लिहायचं. कुणी आणलं यांना? कुणाचे वडील आहेत का हे?"

माझी मुलगी पहिल्या बाकावर होती. तिने मान खाली घातली.

हसणे मी सोसले. ती मान सोसवली नाही.

तरी सरांचा शब्द डोक्यातून जाईना. केलंच पाहिजे. माझे कितीतरी अर्ज साहेबांच्या टेबलावरून परत आले. का, ते कोणी सांगितले नाही. मी विचारलेही नाही. पुन्हा विनंतीच लिहिली.

पुढच्या तासाला मी नवी टेस्ट लिहिली: 'अपुरा अर्ज परत पाठवला, तर कारण सांगितलेच पाहिजे.' चालवली. लाल अक्षरे, म्हणजे नापास. सरांनी सरावासाठी दिलेला कंट्रोलर अर्ज परत पाठवत होता. कारण सांगत नव्हता.

"टेस्टमधली कारणाची ओळ काढून टाका, काका. लगेच हिरवी होईल."

"नाही काढणार."

"बाबा, काढा ना. सगळे बघतायत," मुलगी कुजबुजली.

त्या वर्गात तिने मला प्रथमच बाबा म्हटले. ते यासाठी.

मी ओळ काढली नाही. टेस्ट अजून लाल आहे. खडकीला परतताना मुलगी आता वेगळ्या बसने जाते. जावो. माझ्या हातून यापुढे विनंती उतरणार नाही. अर्ज परत पाठवला, तर साहेबांना कारण सांगावे लागेल. आणि त्या दिवशी मान खाली का घातली, हे माझ्या मुलीलाही.