सक्तीची सेवा आणि आंबट सफरचंदं

माझी मावसबहीण एमबीबीएस झाली आणि बाँडमुळे वर्षभर गडचिरोलीकडच्या एका आरोग्य केंद्रात जाऊन बसली, तेव्हा मी तिला मनसोक्त हसले होते. सेवा करायची तर माणूस आपल्या मनाने करतो, दंडाला धरून करायला लावली तर ती शिक्षा, असं माझं ठाम मत होतं. देव असली मतं लक्षात ठेवतो. फूड सायन्समध्ये मास्टर्स करायला मी आयर्लंडला आले, तर इथल्या अभ्यासक्रमातच अट निघाली. पदवी हवी असेल तर शेवटचे काही महिने एखाद्या खेड्यात, गावकऱ्यांच्या कामात घालवायचे. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर हे छापलेलं होतं म्हणे. शेवटचं पान वाचण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

साल २०२०, ऑक्टोबर महिना. हॉटेलं बंद, वाचनालयं बंद, सगळंच बंद. उघडं होतं ते पोर्टलीशच्या पुढे आडवाटेला असलेल्या एका गावातलं जेवणाचं केंद्र. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी तिथे दुपारचं गरम जेवण रांधायचे आणि ते पोचवायला कोणीतरी लागायचं. केंद्र चालवणाऱ्या बाईंनी मला त्यांच्याच घरामागची एक खोली, एक सायकल आणि एक रेनकोट दिला. त्या दिवसापासून, नागपूरच्या ज्या घरात अंडंसुद्धा मागच्या दाराने यायचं त्या घरातली मी, सायकलला डुकराचं मांस आणि कोबी लटकावून गावभर हिंडू लागले.

काम सोपं होतं. झाकण चिकटवलेला डबा खिडकीत ठेवायचा, दोन मीटर मागे सरायचं, कसं काय विचारायचं, आणि "ग्रँड", म्हणजे एकदम मजेत, हे उत्तर ऐकून पुढच्या घरी जायचं. आयर्लंडमध्ये पाय मोडलेला माणूसही ग्रँड असतो, त्यामुळे त्या उत्तरावरून कोणाला काही कळत नाही.

एका घराबद्दल मात्र बाईंनी मला मुद्दाम बसवून सांगितलं. गावाबाहेर वळणावर, सफरचंदाच्या झाडांमागे एक म्हातारा एकटा राहत होता. वर्षभरापूर्वी त्याची बायको गेली. तेव्हापासून त्याने स्वयंपाकघरातली रेंज, म्हणजे अख्खं घर ऊबदार ठेवणारी ती मोठी लोखंडी चूल, पेटवणंच सोडलं होतं आणि विजेच्या छोट्या शेगडीवरचा चहा आणि बिस्किटं यांवर दिवस काढत होता. एकुलती एक मुलगी लिमरिकला नर्स. ती कोविडच्या वॉर्डात, त्यामुळे तिला त्याच्याकडे यायचीही भीती. तिने फोनवर केंद्राला बजावलं होतं की तो नीट जेवायला लागला तर ठीक, नाहीतर रस्ते खुले झाले की मी त्याला वृद्धाश्रमात नेऊन ठेवणार. म्हातारा म्हणत होता, या घरातून मी आडवाच निघेन. केंद्राचं जेवण तो घेत नव्हता, आधीच्या सगळ्या स्वयंसेवकांना त्याने दारातून वाटेला लावलं होतं. आता ते लोढणं माझ्या गळ्यात आलं.

मी गेले तेव्हा तो दारात उभा होता. त्याने डबा बघितला आणि सांगितलं, मी ग्रँड आहे, हे ज्याला गरज आहे त्याला दे. इतक्या सभ्यपणे सांगितलं की मी उलट त्याचेच आभार मानले. मग त्याचं लक्ष माझ्या निथळत्या रेनकोटकडे गेलं. थांब म्हणाला आणि आतून निळ्या काठाचं एक बाउल घेऊन आला, वर बशी झाकलेली. आत त्याच्याच झाडाची शिजवलेली सफरचंदं होती. एवढ्या पावसात आलेल्या माणसाला तसंच पाठवायचं नसतं, असं काहीसं तो पुटपुटला. मी वाढायला गेले होते आणि वाढून घेऊन परत आले.

सफरचंदं अशी आंबट होती की चिंचेने मान खाली घालावी. भूक लागली होती म्हणून संपवली. प्रश्न आला बाउलचा. आईला फोनवर सहज सांगितलं की उद्या धुऊन परत देते, तर ती उखडलीच. "धुऊन? आणि नुसतंच काहून? कोणाचं भांडं रिकामं परत करतात का गं?" मी सांगितलं की नियमाप्रमाणे घरी केलेलं काही देता येत नाही, त्याचं मला प्रशिक्षण झालंय. आई म्हणाली, साखरेला कसलं आलंय प्रशिक्षण, दोन चमचे साखर घाल आणि दे. हे मात्र बिनतोड होतं. प्रेसमधून, म्हणजे भिंतीतल्या कपाटातून, साखर काढली, बाउलमध्ये घातली आणि वर बशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने बशी उचलली आणि आतली साखर बघितली. त्याचे कान लाल झाले.

"आंबट होती ना?" तो म्हणाला. "साखर माझी बायको घालायची. किती घालायची ते मी कधी विचारलंच नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी घाईघाईने खुलासा करायला लागले. आमच्याकडे कोणाचं भांडं आलं तर ते रिकामं पाठवत नाहीत, काहीतरी घालूनच देतात, घरात काहीच नसेल तर निदान चिमूटभर साखर, यात सफरचंदांचा अपमान नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, समोरच्याने ते भांडं पुन्हा पाठवलं तर? मी म्हटलं, तर पुन्हा भरून द्यायचं. मग हे थांबतं कधी, असं त्याने विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कोणाला पडलेला नव्हता. थांबत नाही, असं मी सांगितलं आणि तो हसला. डबा त्या दिवशीही त्याने घेतला नाहीच.

पण दुसऱ्या दिवशी बाउल पुन्हा माझ्या हातात आलं. या वेळची सफरचंदं दात किडतील इतकी गोड होती. त्याच्या पुढच्या दिवशी मी फाटकाशी सायकल लावली, एका हातात त्याचं बाउल, दुसऱ्या हातात केंद्राचा डबा. आता यात काय घालू? डबा उघडला आणि आतला सगळा ऐवज, बटाट्याचं मॅश, गाजरं, चिकनचा स्ट्यू, बाउलमध्ये ओतला. डब्याचं झाकण लाभार्थ्यानेच उघडायचं हा आमचा पहिला नियम, आणि तो मी, फूड सायन्सची विद्यार्थिनी, भर रस्त्यात मोडला.

"तुमचं भांडं," मी म्हटलं.

त्याला काय कळायचं ते कळलं. आधी बाउलकडे बघितलं, मग माझ्या बगलेतल्या रिकाम्या डब्याकडे. धर्मादाय जेवण त्याला चालत नव्हतं, पण भरून आलेलं आपलंच भांडं नाकारायचं कसं? शेवटी त्याने ते घेतलं. मी हे केंद्राच्या बाईंपाशी कबूल केलं, तर त्या म्हणाल्या की मला ऐकू जरा कमी येतं. त्यांना एरवी गावातली प्रत्येक कुजबुज ऐकू यायची.

खरी गंमत पुढे झाली. रोज भरलेलं बाउल घरात येऊन पडायला लागल्यावर ते रोज भरून परत करणं त्याला भाग झालं. सफरचंदं संपली. मग ब्रेड भाजायचा तर रेंज पेटवायला हवी. एका सकाळी बाईंनी मला खिडकीशी बोलावलं आणि लांबवर त्याच्या धुराड्यातून निघणारा धूर दाखवला. वर्षभरात कोणी तो पाहिला नव्हता. पहिला ब्रेड विटेसारखा निघाला आणि मी तो विटेसारखाच चावला. दुसरा बरा होता. डिसेंबरपर्यंत त्याचा हात असा बसला की मी बाकीची घरं भराभर उरकून त्याच्याकडे शेवटी जायला लागले. तो दारात खुर्ची टाकून, मी अंगणात पालथ्या बादलीवर, अशा आमच्या दोन मीटर लांबीच्या गप्पा चालायच्या. मी मांस खात नाही हे त्याला तिथेच कळलं. डॉक्टरांनी बंद केलंय का, असं त्याने काळजीने विचारलं. जन्मापासूनच खात नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून ब्रेडबरोबर उकडलेली अंडी, चीज आणि लोण्याचा गोळा यायला लागला. व्हिडिओ कॉलवर माझे गाल बघून आई म्हणाली, पोरीला आयर्लंडचं पाणी मानवलं. पाण्याचा काही संबंध नव्हता.

हिवाळा असाच गेला. वसंतात माझं गावातलं काम संपत आलं आणि कॉर्कच्या एका औषध कंपनीत मला नोकरी लागली. आईला आधी फोन केला, बाईंना पेढ्यांऐवजी चॉकलेटं दिली. त्याला मात्र सांगायची हिंमत होईना. मी गेले की बाउल थांबणार, बाउल थांबलं की चूल थांबणार, आणि पुढचं मला दिसत होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता शेवटचा आठवडा आला. त्याच आठवड्यात लॉकडाउन सैल होऊन एका परगण्यातून दुसऱ्यात जायला परवानगी मिळाली.

बाउल घेऊन गेले तर अंगणात मोटार उभी. दारात त्याची मुलगी होती, अंगात कोट, हातात किल्ली. लिमरिकला तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली होती आणि ती सोडली तर पुन्हा कधी मिळेल सांगता येत नव्हतं. तिचे डोळे थकलेले होते. वाईट बाई नव्हती. वडिलांना जेवू घातल्याबद्दल तिने माझे मनापासून आभार मानले.

"कोणी कोणाला जेवू घातलं?" आतून आवाज आला.

तो ब्रेड कापत होता. सुरी न थांबवता त्याने मुलीला सांगितलं की या पोरीचं या देशात कोणी नाही. ही मांस खात नाही, पावसात सायकल हाकते, आणि आली तेव्हा काडीसारखी होती. हिवाळाभर मी हिला सांभाळलं, आता मी उठून लिमरिकला गेलो तर हिने काय खायचं? तो थट्टा करत नव्हता. माझी सक्तीची सेवा चालली आहे अशा समजुतीत मी राहिले होते, आणि तिकडे त्याची चालली होती.

खरं का, अशा नजरेने मुलीने माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसले असते तर त्या दिवसापुरतं निभावलं असतं. पण तिच्या त्या डोळ्यांसमोर मला खोटं वागता येईना.

"मला कॉर्कला नोकरी लागलीय," मी म्हटलं. "शनिवारी जातेय."

त्याला मी माझ्या तोंडाने वृद्धाश्रमात धाडलं, असं वाटलं आणि स्वतःचाच राग आला.

त्याने ब्रेडचा राहिलेला तुकडा कापला. कॉर्कहून इकडे गाडी येते का, विचारलं. मी येते म्हटलं. मग तो मुलीकडे वळला.

"तर मग मला हलताच यायचं नाही," तो म्हणाला. "पोरगी लांब गेली की मागे घर उघडं ठेवायला कोणीतरी लागतं. तू लिमरिकला गेलीस तेव्हा तुझ्या आईने ठेवलं होतं. आता मी ठेवतो."

मला रडू फुटलं. मास्कच्या आत रडणं किती गैरसोयीचं असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. नाक पुसता येत नाही आणि पळूनही जाता येत नाही. मुलीने पेटलेल्या चुलीकडे बघितलं. मग तिने अंगातला कोट काढला, आतून एक खुर्ची उचलून आणली आणि माझ्यासाठी दाराशी ठेवली.